राजाचा हात न लागलेले कागद

इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याला लिहायचा मनस्वी कंटाळा होता. आपला मंत्री कार्डिनल वूल्झी याला त्याने स्वहस्ते जी थोडीफार पत्रं लिहिली, त्यांतल्या एकात तो तसं कबूलही करतो: लिहिणं मला जरा रटाळ आणि त्रासाचंच वाटतं. शिकार, टेनिस, गाणंबजावणं, धर्मशास्त्रावरचे वाद, सगळ्याला महाराजांकडे वेळ होता. कारकून कागदांची चळत घेऊन उभा राहिला की मात्र त्यांना दुसरं काहीतरी आठवायचं. बाप अगदी उलट. हेन्री सातवा म्हणजे पक्का हिशेबी गडी. खासगी खजिन्याचा कारभारी जॉन हेरन वह्या घेऊन यायचा आणि राजा पानापानावर आपली आद्याक्षरं टाकायचा. बापाने साठवलं, मुलाने उडवलं, ही कथा आपल्यालाही नवी नाही.

तर या मुलाच्या अखेरच्या काळात, १५४५पासून, दरबाराने सह्यांच्या कटकटीवर तोडगा काढला. राजाच्या सहीचा ठसा बनवला. त्याला शाई लावायची नाही, नुसता कागदावर दाबायचा. सहीची वळणं कागदात खोलगट उमटली की विल्यम क्लार्क नावाचा कारकून त्या रेषांमध्ये लेखणीने शाई भरायचा. अँटनी डेनी आणि जॉन गेट्स हे राजाच्या खास गोटातले दोघे त्यावर नजर ठेवायचे, आणि ठसा उठलेल्या कागदांची दर महिन्याला यादी व्हायची. एरवी राजाची सही गिरवणं म्हणजे राजद्रोह, मुंडकं उडायचं काम. इथे तेच काम एक माणूस पगार घेऊन करत होता.

खुद्द राजाच्या मृत्युपत्रावर हाच ठसा आहे. मृत्युपत्राची तारीख ३० डिसेंबर १५४६. हेन्री वारला २८ जानेवारी १५४७ला. आणि ठशाच्या जानेवारीच्या यादीत या मृत्युपत्राची नोंद येते ती अगदी शेवटाशेवटाला. ठसा उठला तेव्हा राजा शुद्धीवर होता का, मजकूर त्याला ठाऊक होता का, यावर इतिहासकार आजही भांडताहेत. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या, एडवर्डच्या नावाने राज्य कोण हाकणार, याचा फैसला त्या कागदावर होता, म्हणून भांडण.

लिलावात हेन्री आठव्याची सही असलेला कागद आला की जाणकार आधी तो उजेडात तिरका धरतात. खोलगट रेषा दिसल्या, तर ठसा. हाताची सही असली की किंमत चढते, ठशाची असली की बोली लावणारे जरा नाक मुरडतात. मला हे कधीच पटलेलं नाही. हाताची सही काय सांगते? की अमुक दिवशी एका जाड्या, चिडक्या माणसाने नाइलाजाने लेखणी उचलली. ठशाची सही सांगते की राजा अंथरुणाला खिळलाय, आणि दाराबाहेर तीन माणसं राज्य चालवताहेत.

मी ट्यूडर काळातले, म्हणजे हेन्री सातव्यापासून पहिल्या एलिझाबेथपर्यंतच्या घराण्याच्या काळातले, राजाच्या नावाचे दस्तऐवज आणि मेणाच्या मोहरा जमवतो असं म्हटलं की लोकांना वाटतं, याच्याकडे पैशाचं झाड आहे. नाही. हेन्री आठव्याची मुलगी एलिझाबेथ, तिची ती लफ्फेदार, खाली वेलांट्यांची नक्षी सोडलेली सही विकत घ्यायची तर हजारो पौंड मोजावे लागतात. तेवढ्यात आमच्या घराचं छप्पर दोनदा बदलून होईल. जेन ग्रेच्या सहीचं तर नावच काढायला नको. जुलै १५५३मध्ये ती बिचारी जेमतेम नऊ दिवस राणी होती. तिला हटवून गादीवर आलेल्या मेरीने त्या नऊ दिवसांना राज्य मानलंच नाही. 'जेन द क्वीन' अशी सही असलेले जे मोजके कागद उरलेत, ते आता संस्थांच्या कपाटांतून बाहेर पडायचे नाहीत.

माझ्यासारख्या पगारदाराच्या आवाक्यात येतात ते वेगळे कागद. राजाचं नाव ठसठशीत, राजाची मोहर लोंबकळती, पण राजाने जन्मात न पाहिलेले. जमिनीच्या सनदा, न्यायालयांचे दाखले, खजिन्याच्या पावत्या. एक चांगला मोबाइल येतो तेवढ्या पैशांत असा एखादा मिळून जातो, अर्थात मोहर फुटकी असेल तर. अखंड मोहरेला वेगळा भाव.

माझ्याकडचा सगळ्यात लाडका कागद असाच आहे. कागद म्हणतोय खरा, पण ते चर्मपत्र आहे, मेंढीच्या कातड्याचं. लांबी हातभर, रुंदी त्याहून कमी, घड्यांवर मळलेला. वरच्या ओळीत मोठ्या, टोकदार, काळ्याभोर अक्षरांत राणीचं नाव: 'एलिझाबेथा देई ग्राशिया', ईश्वरकृपेने इंग्लंड, फ्रान्स आणि आयर्लंडची राणी. फ्रान्स हा निव्वळ बडेजाव. फ्रान्समधलं इंग्रजांचं शेवटचं ठाणं, कॅले, ही बाई गादीवर यायच्या आधीच, जानेवारी १५५८मध्ये हातचं गेलेलं. तरी इंग्लंडचे राजे तो किताब १८०१पर्यंत मिरवत राहिले. पहिल्या अक्षराच्या पोटात कारकुनाने लेखणीनेच वेलबुट्टी काढली आहे, आणि ती डावीकडे खाली उतरता उतरता मधेच सोडून दिली आहे. कंटाळला असेल, किंवा जेवायची वेळ झाली असेल.

हा कॉमन प्लीज नावाच्या दिवाणी न्यायालयाच्या निकालाचा दाखला आहे. दावा जमिनीचा, आणि दावा शंभर टक्के खोटा. खोटा म्हणजे लबाडीचा नव्हे. एखाद्या घराण्याची जमीन पूर्वजाने अशी बांधून ठेवलेली असायची की ती पिढ्यानपिढ्या वारसाकडेच जावी, विकता येऊ नये. मग वकिलांनी युक्ती काढली. घेणारा मालकावर दावा लावणार की जमीन मुळात माझीच. मालक म्हणणार, मला तर ही अमक्याने हमी देऊन दिली, त्याला बोलवा. अमका म्हणजे पुष्कळदा कोर्टात पुकारा करणारा शिपाईच, चार पैसे घेऊन उभा राहिलेला. तो हजर होणार, बाजूला जाऊन बोलायला वेळ मागणार आणि पसार होणार. हमी देणारा पळाला, म्हणून न्यायालय दावेदाराला जमीन देणार. न्यायाधीशांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना हे नाटक ठाऊक. आणि त्या नाटकाच्या शेवटी निकालाचा दाखला राणीच्या नावाने, राणीच्या मोहरेने. इंग्लंडात हा खेळ एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला.

आईला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कुणाचा तरी सातबारा विकत घेतलास तू. मग जमीन कधी मिळणार?"

मेंढीचं कातडंच का, यालाही कारण आहे. वासराचं किंवा बकरीचं कातडं जास्त देखणं, पण मेंढीच्या कातड्याच्या थरांमध्ये चरबी फार. चुन्याच्या पाण्यात घालून चरबी काढली की थरांमध्ये पोकळी राहते. कुणी अक्षर खरवडून खाडाखोड करायला गेलं की वरचा थर सोलून निघतो आणि डाग लपत नाही. बाराव्या शतकातच खजिन्याच्या कारभारावर लिहिताना एका इंग्रज अधिकाऱ्याने हे नोंदवून ठेवलंय, आणि अलीकडे ब्रिटनमधल्या शेकडो जुन्या दस्तांच्या कातड्याची तपासणी झाली तेव्हा बहुतेक सगळे मेंढीचेच निघाले. स्वस्त म्हणून तर होतेच, पण लबाडी पकडली जावी म्हणूनही.

शाई माजूफळाची. ओकच्या झाडावर एक कीटक अंडी घालतो, तिथे गाठ येते, ती कुटून, हिराकस आणि डिंक घालून केलेली. बाळगुटी उगाळताना आपण जे मायफळ घेतो ते याच जातीचं. ताजी असताना ही शाई फिकट असते, हवा लागली की काळी होते आणि कातड्यात मुरते. पाण्याने पुसता येत नाही. म्हणूनच साडेचारशे वर्षांनी त्या कारकुनाचं अक्षर माझ्या टेबलावर काल लिहिल्यासारखं दिसतं. वाचता मात्र येत नाही, निदान पहिल्यांदा नाही. न्यायालयाचं वळण वेगळं, पत्रव्यवहाराचं वेगळं. त्या पत्रव्यवहाराच्या वळणात 'ई' उलटा, 'सी' बघावा तर 'आर' वाटतो, 'एच'चं शेपूट खालच्या ओळीत घुसतं, आणि अर्ध्याअधिक शब्दांवर नुसती आडवी रेघ मारून बाकीची अक्षरं गाळलेली. मोडीशी झटापट केलेल्यांना ही जात ओळखीची वाटेल. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जुनी अक्षरं वाचायचे धडे फुकट ठेवलेत. रात्री भांडी घासून झाली की मी त्यांच्यापुढे बसतो. बायको म्हणते, "मुलाचा गृहपाठ घेतला असतास तर आतापर्यंत वर्गात पहिला आला असता."

पण मला खरा मोह आहे तो मेणाचा.

माझ्या दाखल्याच्या खालच्या कडेला घडी घालून एक चीर दिली आहे. त्यातून कातड्याचीच एक पट्टी ओवली आहे आणि पट्टीच्या टोकाला मोहर, तपकिरी मेणाची, निम्मीच उरलेली. एका बाजूला सिंहासनावर बसलेली राणी. तिचं डोकं गेलंय, गुडघ्यांपासून खालचा पायघोळ झगा तेवढा शाबूत. मागे राजचिन्हाच्या ढालीचा एक कोपरा, त्यात फ्रान्सची दोन कमळफुलं आणि इंग्लंडच्या एका सिंहाची नुसती शेपटी. तुटलेल्या कडेतून कातड्याची पट्टी मेणाच्या आत कशी गेली आहे ते दिसतं. अखंड मोहरेत हे कधीच दिसलं नसतं. आणि कडेला, जिथे ठशाची चौकट संपते तिथे, मेण बाहेर आलेलं कुणीतरी अंगठ्याने चेपलंय. अंगठ्याच्या रेषा स्पष्ट आहेत. राणीचा तो नव्हे, हे सांगायला नकोच.

हे अंगठे कुणाचे? राज्याच्या सर्वोच्च मोहरेपुरतं तरी उत्तर सांगता येतं. त्या कचेरीत मेण तापवण्यासाठी एक खास अधिकारी असायचा. त्याच्या हुद्द्याचं नाव 'चेफवॅक्स', मेण ऊन करणारा. हे पद एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकलं. मधमाशांचं मेण, त्यात राळ, रंगासाठी जंगाल किंवा शेंदरी रंगाचा हिंगूळ. मऊ केलेल्या मेणाच्या दोन चकत्या, मध्ये पट्टी किंवा रेशमी दोरी, खालीवर धातूचे दोन साचे, आणि दाब. वीतभराहून लहान अशी गोल चकती तयार होते, हातात घेतली तर चांगली वजनदार. अलीकडे ब्रिटनमध्ये काही संशोधकांनी मध्ययुगीन मोहरांवरच्या बोटांच्या ठशांचा अगदी पोलिसी पद्धतीने अभ्यास केला. गुन्हेगार सापडायचा प्रश्न नव्हता, पण मोहर दाबायला हात कुणाचे लागत होते, हे त्यांना शोधायचं होतं.

मेणाआधी कागदाला जी वाट चालावी लागे तीही ऐकण्यासारखी. एखाद्याला राजाकडून जमीन किंवा पद हवं असेल तर आधी अर्जावर राजाची सही. ती वर, मजकुराच्या डोक्यावर. आपल्या शिवकाळातल्या पत्रांत शिक्का माथ्यावर आणि शेवटी मोर्तब, म्हणजे पुढे कुणी ओळ घुसडू नये. इथे मान वरच्या सहीला. मग तो कागद सिग्नेट कचेरीत, राजाच्या खासगी मुद्रेकडे. तिथून हुकूम प्रिव्ही सील कचेरीला. तिथून हुकूम चॅन्सरीला. तिथे सुरेख अक्षरात सनद लिहून तिला ग्रेट सील, म्हणजे राज्याची थोरली मोहर. दर टप्प्याला एक कारकून, दर कारकुनाची फी. १५३६मध्ये तर संसदेने कायदाच केला की कुणी मधली पायरी गाळायची नाही, कारण लोक थेट वर जाऊन कारकुनांची फी बुडवत होते. राज्याच्या सुरक्षेचा मुलामा होता कायद्याला, पण पोट कारकुनांचंच भरत होतं. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माझ्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्या छंदाबद्दल आदराने बोलले.

साच्यांच्याही गोष्टी आहेत. हेन्री आठवा गादीवर आला तेव्हा त्याने नवा साचा केलाच नाही, बापाच्याच साच्यात एक सिंह आणि एक कमळफूल वाढवून काम भागवलं. पुढे १५४२मध्ये केलेली त्याची तिसरी मोहर मात्र थेट इटालियन थाटाची. एलिझाबेथच्या दुसऱ्या मोहरेचं काम निकोलस हिलियर्डकडे होतं, जो मुळात चिमुकली व्यक्तिचित्रं रंगवणारा. आणि राजा गेला, मोहर बदलली, की जुना साचा निकामी करायचा, नाहीतर मेलेल्या राजाच्या नावाने सनदा निघत राहतील. साचा चांदीचा, आणि ती चांदी मोहरेच्या रखवालदाराला मिळायची. एलिझाबेथच्या मोहरेचा रखवालदार सर निकोलस बेकन याने मेरीच्या मोहरेच्या चांदीचे प्याले घडवले. त्यातला एक १५७४चा, सोन्याचा मुलामा दिलेला, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ज्या साच्याने माणसांची इस्टेट ठरत होती, त्यातून त्याचे पाहुणे दारू पीत होते.

मोहरेच्या लाखेचा प्रवास मात्र आपल्याकडून तिकडे. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या मोहरा मेणाच्याच. मग पोर्तुगीजांच्या व्यापारातून हिंदुस्थानची लाख तिकडे पोचली. ती मेणापेक्षा कडक आणि चकचकीत, थेंब पाडला की लगेच घट्ट होणारी. पत्रं बंद करायला लोकांनी हळूहळू तीच उचलली. सनदांना लोंबणाऱ्या थोरल्या मोहरा मात्र मेणाच्याच राहिल्या. सरकारी कचेऱ्या सवयी इतक्या लवकर सोडत नाहीत.

आता, हे सगळे कागद बाजारात आले कुठून? राजाच्या कपाटातले कागद विकायला कसे निघतात, असा संशय मलाही होता. उत्तराचा एक धागा हेन्रीकडेच जातो. १५३६पासून त्याने मठ बरखास्त केले, त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि त्या विकायला ऑगमेंटेशन्स नावाची स्वतंत्र कचेरी उघडली. पिढ्यानपिढ्या मठांकडे असलेली जमीन काही वर्षांत जमीनदार, वकील, व्यापारी यांच्या हाती गेली. प्रत्येक खरेदीदाराला मोहर लावलेली सनद. ती सनद म्हणजे मालकीचा पुरावा, म्हणून ती घरातल्या पेटीत. जमीन विकली की पेटीही पुढच्या मालकाकडे. असं चारशे वर्षं चाललं. मग १९२५मध्ये इंग्लंडने जमिनीचे कायदे बदलले. इतका जुना पुरावा दाखवायची गरज उरली नाही. वकिलांच्या तळघरांतल्या पेट्या एका रात्रीत रद्दी झाल्या. चर्मपत्र मजबूत आणि अर्धपारदर्शक, म्हणून त्याचे दिव्यांवरचे झुंबरटोप शिवले गेले, ढोलकी मढवली गेली. हे वाचलं तेव्हा मला आजोळच्या माळ्यावरचे मोडी कागदांचे रुमाल आठवले. ते बंब पेटवायला गेले. वाचता येत नाही तर ठेवायचं कशाला, असा दोन्हीकडचा हिशेब.

सरकारही काही मागे नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खजिन्याने जुने कागद निरुपयोगी ठरवून टनाच्या भावाने काढले. ते घेतले लंडनच्या हंगरफर्ड बाजारातल्या एका मासळीवाल्याने, मासे बांधायला. संग्राहकांना सुगावा लागला तेव्हा त्याच्या दुकानात राजांच्या सह्या निघू लागल्या. संसदेत चौकशी झाली. मासळीवाल्याचं मात्र त्या वर्षी भलं झालं असणार.

त्याच काळात सर टॉमस फिलिप्स नावाचा एक माणूस होता. जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत आपल्याकडे हवी, असं त्याने लिहून ठेवलंय. साठ हजारांच्या आसपास हस्तलिखितं जमवली, कर्जात बुडाला, बायकोमुलींना कागदाच्या पेट्यांमधून वाट काढत जगायला लावलं. सोनारांची सोन्याची वर्खं कुटायला आणि सरस करायला चर्मपत्रं जाताहेत हे त्याला सहन होत नव्हतं, म्हणून तो ढिगाने घेत सुटला. १८७२मध्ये तो गेला आणि त्याचा संग्रह विकून संपायला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला. चक्रम होता, घरच्यांचे त्याने हाल केले. तरीही माझ्या मते त्याच्या वेडाने जेवढं वाचवलं, तेवढं त्या वेळच्या शहाण्यांनी वाचवलं नाही.

मला राग येतो तो दुसऱ्या जातीच्या संग्राहकांचा. राजाची सही तेवढी कात्रीने कापून वहीत चिकटवायची, बाकीचा कागद फेकायचा. मोहर पट्टीसकट कापून काचेखाली ठेवायची. अशा सुट्या मोहरा आजही विकायला येतात, दिसायला देखण्या. पण ती मोहर कुणाच्या जमिनीवर, कुठल्या वर्षी, कशासाठी लागली, काही कळायला मार्ग नाही. मी त्या घेत नाही. शिवाय व्हिक्टोरियन काळात मोहरांच्या प्लास्टरच्या नकलाही भरपूर निघाल्या, त्या रंगवून कुणी मेणाच्या म्हणून गळ्यात मारतो. वजनाला हलक्या लागतात, आणि पट्टीसाठी आत जागाच नसते.

तारखांचा एक घोळ सांगायला हवा, कारण लिलावाच्या पत्रकांत तो हमखास सापडतो. या कागदांवर सहसा सन नसतो, राज्यारोहणापासून मोजलेलं वर्ष असतं. एलिझाबेथचं वर्ष १७ नोव्हेंबरला सुरू होतं. मेरी आणि तिचा नवरा फिलिप यांच्या कागदांवर दोघांची वर्षं जोडीने, 'पहिलं आणि दुसरं', कारण दोघांचं मोजणं वेगवेगळ्या दिवशी सुरू होतं. आणि जिथे सन लिहिलेला असतो तिथे नवं वर्ष २५ मार्चला. म्हणजे फेब्रुवारी १५८२ असं लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने तो १५८३.

याच फेब्रुवारी १५८३मध्ये एलिझाबेथने एक पत्र दिलं, ते आपल्या वाटेने गेलं. लंडनचे व्यापारी जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच निघाले होते पूर्वेकडे. पत्र होतं अकबराच्या नावाने. राणीच्या कारकुनांनी त्याला 'झेलाब्दिम एचेबार, कॅम्बायाचा राजा' करून टाकलं होतं. जलालुद्दीन अकबर, खंबायतचा. एवढीच त्यांची हिंदुस्थानची माहिती. होर्मुझला पोर्तुगीजांनी या लोकांना हेर म्हणून धरलं आणि गोव्याला आणून तुरुंगात टाकलं. सोबत विल्यम लीड्स नावाचा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी नावाचा चितारी. त्यांना जामिनावर सोडवायला जे धावले त्यांत एक इंग्रज कॅथलिक, जेझुइट पाद्री होता, विल्टशरचा टॉमस स्टीफन्स, १५७९मध्ये गोव्यात आलेला. होय, तोच. पुढे ज्याने ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचलं आणि १६१६मध्ये छापलं, तोच आपला फादर स्टीफन्स.

मला हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावासा वाटतो. प्रोटेस्टंट राणीचं पत्र बाळगणारे व्यापारी आणि त्याच राणीच्या राज्यात जेझुइट म्हणून पाय ठेवणंही ज्याला जिवावर बेतलं असतं तो पाद्री, दोघं गोव्यात समोरासमोर. गावाकडची चौकशी झाली असेल. एप्रिल १५८४मध्ये हे लोक जामीन टाकून पळाले. चितारी स्टोरी मागे राहिला, गोव्यातच लग्न करून. बाकीचे बेळगावमार्गे विजापूर, मग गोवळकोंडा, बऱ्हाणपूर, असे करत फत्तेपूर सिक्रीला पोचले. लीड्स अकबराच्या नोकरीत राहिला. न्यूबेरी खुश्कीने परत निघाला आणि वाटेत कुठेतरी नाहीसा झाला. फिच एकटा, ब्रह्मदेश आणि मलाक्का पाहून, १५९१मध्ये लंडनला परतला. घरच्यांनी तोवर त्याला मेला समजून त्याची मालमत्ता वाटून घेतली होती. ते पत्र अकबराच्या हाती पडल्याची कुठे नोंद नाही. मजकूर वाचला तो रिचर्ड हॅक्लुइटने प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापला म्हणून. पुढे ३१ डिसेंबर १६००ला याच राणीच्या थोरल्या मोहरेने ईस्ट इंडिया कंपनीची सनद निघाली. तिचं काय झालं, ते आपल्याला ठाऊकच आहे.

लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ओळखपत्र काढलं की असे कागद कुणालाही, फुकट, टेबलावर मागवता येतात. पेन आत नेता येत नाही, फक्त पेन्सिल. चर्मपत्राला हातमोजे नको, स्वच्छ कोरडे हात पुरेत. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसने १५२७च्या तहाला जोडलेली सोन्याची मोहरही त्यांच्याकडे आहे, आणि हेन्रीने उलट पाठवलेली सोन्याची पॅरिसला. सोन्याच्या मोहरेवर कुणाचा अंगठा उमटत नाही, म्हणून तिच्यात मला फारसा रस नाही.

अशी सोय असताना घरी कागद कशाला ठेवायचा, हा प्रश्न बायकोने विचारून झालाय. बरोबर आहे तिचं. परवान्याशिवाय तो मला पुण्याला नेताही येणार नाही. पन्नास वर्षांहून जुन्या हस्तलिखिताला, किंमत कितीही कमी असली तरी, ब्रिटनबाहेर न्यायला परवाना लागतो. माझ्या दाखल्यातली जमीन ज्या परगण्यात आहे तिथल्या अभिलेखागारातल्या बाईंशी बोलणं झालंय. त्या कागद आनंदाने ठेवून घेतील, त्या गावचे बाकीचे दस्त त्यांच्याकडे आहेतच. फॉर्म पाठवलाय त्यांनी. एका रकान्यात विचारलंय की मोहरेची स्थिती काय. 'निम्मी, राणीचं डोकं नाही, अंगठ्याचा ठसा आहे' एवढं मी लिहून ठेवलंय. सहीची जागा अजून रिकामी आहे. आई दिवाळीत इकडे येणार आहे. तिला तो सातबारा एकदा हातात देऊन मग बघू.